हॉट डॉग, बेडूक आणि आम्ही मोजके लोक

ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही 'प्रीफॅब स्प्राउट' हे बँडचे नाव सांगून पाहावे. बहुतेक जण क्षणभर डोळे बारीक करतात, मग चेहरा खुलतो आणि हॉट डॉगचे व उडी मारणाऱ्या बेडकाचे ते एकच ध्रुवपद गुणगुणू लागतात. पुढच्या ओळी त्यांना येत नाहीत आणि त्याची त्यांना खंतही नसते. क्वचित एखादा मात्र गुणगुणत नाही. तो आधी आपल्याला निरखून पाहतो आणि मग जरा सावधपणे विचारतो, "अल्बम कोणता आवडतो?" इंग्लंडात मला जी काही जिवाभावाची माणसे मिळाली, त्यांतल्या दोघा-तिघांशी ओळख याच प्रश्नाने सुरू झाली.

बेडकाचे ते गाणे म्हणजे 'द किंग ऑफ रॉक अँड रोल'. १९८८ साली ते ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. या बँडचे दुसरे एकही गाणे पहिल्या विसांत शिरले नाही. चित्रफितीत पोहण्याच्या तलावाकाठी बेडकाच्या वेशातला एक वाढपी फिरतो आणि हॉट डॉग नाचतात, त्यामुळे हे पोरखेळाचे गाणे आहे असा सगळ्यांचा समज झाला. वास्तविक ते एका उतारवयातल्या गायकाचे मनोगत आहे. ऐन उमेदीत त्याचे एकच थिल्लर गाणे गाजले आणि आता कोठेही उभा राहिला तरी लोक त्याला तेवढेच म्हणायला लावतात. ध्रुवपद निरर्थक आहे ते त्यासाठीच. ते त्या काल्पनिक गायकाचे गाजलेले गाणे आहे. एका गाण्यापुरत्या उरलेल्या माणसाविषयी बँडचा गीतकार-गायक पॅडी मॅकालून याने गाणे लिहिले आणि बहुसंख्य ब्रिटिशांसाठी त्याचा बँड त्याच एका गाण्यापुरता उरला. आपणच लिहिलेल्या ओळी अशा रीतीने अंगावर आलेला दुसरा गीतकार मला तरी माहीत नाही.

(पॅडीचा उल्लेख मी एकेरी करते आहे, याबद्दल कोणी रागावू नये. आवडत्या गवयाला घरात आपण कधी 'अहो-जाहो' करत नाही.)

मी १९८७ च्या हिवाळ्यात पुण्याहून डरहॅम परगण्यातल्या एका रुग्णालयात नेत्रविभागाची कनिष्ठ डॉक्टर म्हणून आले. दुपारी साडेतीनलाच अंधारून येई आणि त्या प्रांतातली बोली मला इंग्रजी वाटतच नसे. वॉर्डात एक पोर्टर होता, पंचविशीतला, खाणकामगाराचा मुलगा. रुग्णांना ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरात नेणे-आणणे हे त्याचे काम. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून पडल्याला तेव्हा अडीच-तीन वर्षे झाली होती आणि त्याचे वडील घरी बसलेले होते. तो मला 'पेट' म्हणत असे. पाळीव प्राण्याला जो शब्द लावतात तो भर वॉर्डात आपल्याला लावला जातो आहे, या कल्पनेने मी पहिले पंधरा दिवस आतल्या आत धुमसत होते. मग कळले की ईशान्य इंग्लंडात दुकानदारीण गिऱ्हाइकाला, बसचा ड्रायव्हर म्हातारीला आणि नर्स पेशंटला सरसकट 'पेट'च म्हणते, आपल्याकडे अनोळखी पोरालाही 'बाळा' म्हणतात तसे.

एका रात्रपाळीत वॉर्डाच्या स्वयंपाकघरात चहा करताना त्याने खिशातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे धरली. नव्वद मिनिटांची, घरी भरलेली. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने, अक्षर शेवटी शेवटी बारीक होत गेलेले, अकरा गाण्यांची नावे. "हे ऐक, पेट. पण एकदा ऐकून परत आणू नकोस. तीनदा ऐक, मग आण." तो अल्बम होता 'स्टीव्ह मॅक्वीन', १९८५ सालचा. पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूत तो जेमतेम मावत असे, खरे तर मावत नसे. शेवटचे 'व्हेन द एंजल्स' हे गाणे संपता संपता टेप संपे आणि खट्‌ असा आवाज येई. कितीतरी वर्षांनी मी सीडी घेतली, तेव्हा त्या गाण्याला त्याच्यापुढेही शेवट आहे हे पाहून मला कोणी घराला नवी खोली बांधून दिल्यासारखे वाटले. अजूनही ते ऐकताना नेमक्या त्या जागी माझे कान खट्‌ची वाट पाहतात.

पोर्टरचा आग्रह योग्य होता. पहिल्या ऐकण्यात मला ते गाणे कमी आणि पुटपुटणे जास्त वाटले. चाली सरळ जात नाहीत. आता समेवर येईल असे वाटते तेथे त्या एक पायरी खाली किंवा बाजूला उतरतात. शब्द फार आहेत. मागून बँडमधल्या वेंडी स्मिथचा आवाज येतो, तोही रीतसर साथ करणारा नव्हे, थंडीत तोंडातून वाफ निघावी तसा. दुसऱ्या वेळी 'बॉनी' लक्षात राहिले, निघून गेलेल्या माणसाविषयीच्या पश्चात्तापाचे. तिसऱ्या वेळी मात्र मी खोलीतला दिवा मालवला. भावगीतांवर वाढलेल्या कानांना शब्द आधी ऐकायची सवय असते. स्वर सुंदर आहे म्हणून आपण वाईट कविता सहसा माफ करत नाही. इंग्रजी पॉपमध्ये मला तोवर तालावर डोलायला पुष्कळ मिळाले होते, परंतु एखादी ओळ थांबवून पुन्हा ऐकावी, तिचा अर्थ लावत बसावे आणि तो लागल्यावर अस्वस्थ व्हावे, असे या अल्बमने प्रथमच करायला लावले.

"आणि हा माणूस माहीत आहे का कुठला?" कॅसेटविषयी बोलायला गेले, तेव्हा पोर्टरने विचारले. "इथला. विटन जिल्बर्टचा. बापाच्या पंपावर पेट्रोल भरायचा."

हे गाव डरहॅम शहरापासून पाचेक किलोमीटरवर आहे. पाटीवर 'गिल्बर्ट' असे लिहिलेले असते आणि स्थानिक माणूस 'जिल्बर्ट' म्हणतो, त्यामुळे परका कोण ते लगेच कळते. मॅकालूनांचा पेट्रोल पंप याच गावात होता. पॅडी आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन तेथेच सराव करत. पॅडी काही काळ अशॉ महाविद्यालयात होता, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत शिकत होता. त्याच्या गाण्यांत देव, देवदूत आणि पाप इतक्या सहज ये-जा का करतात, त्याचा उलगडा येथे होतो. बँडच्या नावाची एक गोष्ट चाहत्यांना प्रिय आहे. लहानपणी अमेरिकेतल्या एका जुन्या गाण्यातले 'पेपर स्प्राउट' (मिरचीचा कोंब) हे शब्द त्याला 'प्रीफॅब स्प्राउट' असे ऐकू आले, ही ती गोष्ट. पुढे त्यानेच ती आपण रचून सांगितल्याचे कबूल केले. चाहते तरीही तीच सांगतात आणि मीही आताच सांगितली.

पहिली तबकडी १९८२ साली त्यांनी स्वतःच काढली. गाण्याचे नाव 'लायन्स इन माय ओन गार्डन' आणि पुढे 'एक्झिट समवन'. अर्थ विचारू नये. या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकापुढे एक ठेवली की फ्रान्समधल्या लिमोझ या गावाचे नाव तयार होते, आणि पॅडीची मैत्रीण तेव्हा तेथे गेलेली होती. विरहाचे गाणे लिहायचे, पण विरह कोठला आहे हे गाण्यात कोठेही न सांगता नावाच्या शिवणीत टाचून ठेवायचे, हा या माणसाचा स्वभाव. न्यूकॅसलच्या 'किचनवेअर' या लहानशा कंपनीने ते गाणे पुन्हा काढले आणि १९८४ मध्ये 'स्वून' हा पहिला अल्बम आला. तो मी अजूनही संयमानेच ऐकते. प्रत्येक ओळीत इतकी हुशारी आहे की दम लागतो.

'स्टीव्ह मॅक्वीन' घडला तो थॉमस डॉल्बी या निर्मात्यामुळे. डॉल्बी तेव्हा सिंथेसायझरवाला म्हणून प्रसिद्ध होता. रेडिओवरच्या एका कार्यक्रमात नव्या गाण्यांवर मत देताना त्याने 'स्वून'मधल्या 'डोन्ट सिंग'ची तारीफ केली, आणि त्यातून पुढे तो डरहॅमला पॅडीच्या घरी आला. पॅडीने झोपायच्या खोलीत बसून, जुने कागद काढून काढून, त्याला चाळीसच्या आसपास गाणी गिटारवर म्हणून दाखवली. काही गाणी सहा-सात वर्षांपूर्वीची होती. डॉल्बीने त्यांतून निवड केली. त्या खोलीत त्या दिवशी जी गाणी बाजूला ठेवली गेली ती कोणती, हा आम्हा लोकांचा आवडता खेळ आहे. अल्बम यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातले 'व्हेन लव्ह ब्रेक्स डाउन' कंपनीने पुन्हा पुन्हा बाजारात आणले, तेव्हा कोठे ते पंचविसाव्या क्रमांकावर पोचले. अमेरिकेत तर स्टीव्ह मॅक्वीन या दिवंगत नटाच्या वारसदारांच्या हरकतीमुळे अल्बमचे नावच बदलून 'टू व्हील्स गुड' करावे लागले.

त्यांची गणती पहिल्या रांगेत का झाली नाही, यावर आमच्यात वाद होतात. माझे उत्तर एवढेच की त्यांना योग्य वेळ कधी साधलीच नाही. 'प्रोटेस्ट साँग्ज' हा साधा, झटपट केलेला अल्बम १९८५ मध्येच तयार झाला होता. परंतु 'व्हेन लव्ह ब्रेक्स डाउन' अखेर चालले म्हणून तो मागे ठेवला गेला आणि बाहेर आला तो १९८९ मध्ये, जेव्हा त्यांचा आवाज पूर्ण बदलून गेलेला होता. मधल्या १९८८ च्या 'फ्रॉम लँग्ली पार्क टू मेम्फिस'मध्ये स्टीव्ही वंडरची हार्मोनिका आहे, पीट टाउनशेंडची गिटार आहे आणि सगळ्यावर इतका चकचकीत मुलामा आहे की मला तो अल्बम नव्या सोफ्यावरचे प्लॅस्टिक न काढल्यासारखा वाटतो. पोर्टरला हे मत मान्य नाही. लँग्ली पार्क हे विटन जिल्बर्टच्या शेजारचे खाणीचे गाव. खाण १९७५ मध्ये बंद पडलेली. त्याचे म्हणणे असे, की आमच्या बंद खाणीच्या गावाचे नाव एल्व्हिस प्रेस्लीच्या मेम्फिसशेजारी छापून जगभर गेले, आता त्याला मुलामा आहे की शेण लावले आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

१९९० चा 'जॉर्डन: द कमबॅक' हा एकोणीस गाण्यांचा पसारा आहे. त्यात एल्व्हिस आहे, जेसी जेम्स हा दरोडेखोर आहे, देव स्वतः बोलतो आणि सैतानही बोलतो. पाच-सहा गाणी काढली असती तर तो अधिक चांगला झाला असता, असे मी तीस वर्षे म्हणते आहे आणि कोणती काढायची ते अजून ठरवू शकलेले नाही. त्यानंतर नवा अल्बम यायला सात वर्षे गेली. या काळात पॅडी रिकामा नव्हता. पृथ्वीचा समग्र इतिहास सांगणारा अल्बम, मायकल जॅक्सनवरचा अल्बम, झोरोवरचा अल्बम असे संकल्प तो मांडत होता, गाणी लिहीत होता आणि खोक्यांत ठेवत होता. त्यांतला 'लेट्स चेंज द वर्ल्ड विथ म्युझिक' त्याने एकट्याने घरी ध्वनिमुद्रित करून कंपनीपुढे ठेवला. तो रेंगाळला, बारगळला आणि त्याच कच्च्या रूपात २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्यातले काही जण अल्बमांपेक्षा त्या खोक्यांवरच अधिक प्रेम करतात. मला ते फारसे पटत नाही, कारण न ऐकलेल्या गाण्यात दोष काढता येत नाही.

आता ज्या अल्बमसाठी मी हे लिहायला बसले, त्याकडे येते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पॅडीचे दृष्टिपटल निसटले, आधी एका डोळ्याचे, मग दुसऱ्याचे. माझा त्याच्या उपचारांशी काहीही संबंध नव्हता. मला हे इतरांसारखेच मुलाखतींतून कळले. पण हा आजार माझ्या रोजच्या कामातला आहे. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखे असणारे पटल डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून सुटते, आणि शस्त्रक्रियेत पुष्कळदा डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडून त्याच्या दाबाने ते भिंतीला टेकवून धरावे लागते. बुडबुडा वरच तरंगणार, म्हणून ज्या जागी दाब हवा ती जागा वर येईल अशा बेताने रुग्णाने मान धरायची, कित्येकदा दिवसचे दिवस खाली तोंड करून. वाचन नाही, टीव्ही नाही. समोर फक्त फरशी. आमच्या वॉर्डात अशा रुग्णांच्या उशाशी रेडिओचे कानाला लावायचे यंत्र टांगलेले असे. पोर्टर फेरी मारताना त्यांच्या कानातले नीट बसवी, कोणाला कोणते स्टेशन हवे ते विचारी. पहिल्या दिवशी ते गाणी मागत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र माणसांचे बोलणे मागत, कोणाचेही, कशावरचेही: समुद्रावरचे हवामान, बाजारभाव, रात्री फोन करून आपले गाऱ्हाणे सांगणारे अनोळखी लोक.

पॅडीनेही तेच केले. वाचता येत नव्हते म्हणून तो रात्ररात्र रेडिओ ऐकत राहिला, लघुलहरींवर काटा फिरवत राहिला, फोनवर बोलणाऱ्या लोकांचे तुकडे टेप करत राहिला. त्यातून २००३ मध्ये 'आय ट्रॉल द मेगाहर्ट्झ' आला, आधी त्याच्या एकट्याच्या नावावर आणि २०१९ मध्ये पुन्हा, बँडच्या नावावर. शीर्षकाचे गाणे बावीस मिनिटांचे आहे. पॅडी त्यात गात नाही. तंतुवाद्यांच्या संथ लाटांवर एक स्त्री शांत, किंचित थकलेल्या आवाजात बोलत राहते. दुसऱ्या एका तुकड्यात रेडिओवरचे खरे आवाज आहेत, आपले वय आणि आपला घटस्फोट सांगणारे. पॅडीचा स्वतःचा आवाज संपूर्ण अल्बमात एकदाच येतो, 'स्लीपिंग रफ' या गाण्यात, आणि त्यात तो म्हणतो की मी आता लांब रुपेरी दाढी वाढवीन. पुढे त्याने ती खरोखरच वाढवली.

हा अल्बम विकला गेला नाही. मी मात्र तो ऐकताना वॉर्ड ऐकते: खाली घातलेल्या माना, त्या मानांच्या खालून येणारे बारीक आवाज, दाराशी पोर्टरच्या बुटांची करकर. आपल्या कामातली एखादी गोष्ट कोणी गाण्यात इतकी नेमकी पकडेल, असे मला वाटले नव्हते. मी ती सीडी पोर्टरला भेट दिली. आठवड्याने भेटला तेव्हा तो म्हणाला, "दोनदा ऐकली, पेट. तिसऱ्यांदा होत नाही."

२००६ मध्ये पॅडीच्या कानात सतत आवाज घुमण्याचा विकार सुरू झाला. डोळ्यांनंतर कान. त्यानंतरही २०१३ मध्ये 'क्रिम्झन/रेड' आला, एकट्याने केलेला, दहा गाण्यांचा; 'द ओल्ड मॅजिशियन'मधला म्हातारा जादूगार समोर येतो, तेव्हा ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही. रंगमंचावर मात्र बँड २००० सालानंतर उभा राहिलेला नाही. त्या दौऱ्याचे तिकीट माझ्याकडे होते. ऐन दिवशी तातडीची ड्यूटी आली, तिकीट मी पोर्टरला देऊन टाकले आणि पुढच्या दौऱ्यात जाऊ असे स्वतःला समजावले. पुढचा दौरा झाला नाही.

२०२३ पासून मार्टिन एकटाच गिटार घेऊन ही गाणी म्हणत गावोगाव फिरतो. एका छोट्या सभागृहात त्याला ऐकायला आम्ही दोघे गेलो होतो. मी निवृत्त, पोर्टरही निवृत्त, त्याचा गुडघा बदललेला. सभागृहात आमच्याच वयाची माणसे होती, बहुतेक पुरुष, बहुतेक टकले, कपाटाच्या तळातून काढलेले जुने टी-शर्ट पोटावर ताणून बसलेले. एकटा माणूस आणि एक गिटार, म्हणजे मागे वेंडीचा आवाज नाही. पहिल्या दोन गाण्यांत ती पोकळी कानाला जाणवत राहिली. मग तिसऱ्या गाण्यात, नेमकी तिची जागा आली तेव्हा, मागच्या रांगांतून एक घोगरा 'ऊ' निघाला, नंतर दुसरा, आणि बघता बघता साठीतले ते सगळे बाप्ये, कोणी सुरात, कोणी सुराच्या जवळपास, वेंडीचा भाग म्हणू लागले. मुख्य ओळी त्यांनी मार्टिनसाठी सोडल्या होत्या. माझ्या शेजारून पोर्टरचाही आवाज येत होता. पस्तीस वर्षांत मी त्याला गाताना ऐकले नव्हते.

परतताना गाडी विटन जिल्बर्टवरून घेतली. पाऊस होता, काही दिसले नाही. तो भाग आम्ही दोघे अजून म्हणतच होतो. शब्द मात्र कोणीच म्हणत नव्हते.